डाव्या कानात वाद्यं, उजव्या कानात गाणारे: याला आळस म्हणू नका

जुनी_तबकडी

परवा शिरीष_डोंबिवली यांनी लिहिलेलं वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बीटल्स या इंग्लिश बँडच्या सुरुवातीच्या स्टिरिओ (म्हणजे दोन स्पीकरना वेगवेगळा आवाज देणाऱ्या) रेकॉर्डवर वाद्यं सगळी डावीकडे आणि गाणारे सगळे उजवीकडे. हेडफोन लावला की डोकं दुखतं. त्या काळच्या तंत्रज्ञांना स्टिरिओ कळलाच नव्हता, त्यांनी निव्वळ आळस केला. आता त्याच टेपवरून आवाजांची नव्याने मांडणी केलेली चांगली रिमिक्स आली आहेत, तर जुनी मिक्सेस बाजारातून काढून टाकावीत. खाली बऱ्याच जणांनी "अगदी मनातलं बोललात" म्हणून मान डोलावली होती.

अहो, आळस कसला? ११ फेब्रुवारी १९६३ ला लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्या चौघांनी एका दिवसात दहा गाणी रेकॉर्ड केली. पहिल्या एलपीतल्या चौदापैकी दहा! टेप दोन ट्रॅकची. एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर गाणारे. ही वाटणी डावं-उजवं करायला केलेलीच नव्हती. गाणं किती वर, वाद्यं किती खाली हे नंतर निवांत बसून ठरवता यावं आणि दोन्ही मिळून एक मोनो मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून एकाच वाटेने येणारं, निघावं, एवढ्यासाठी ती होती. मोनो एलपी मार्चमध्ये आली. स्टिरिओ एप्रिलमध्ये, मूठभर हौशी लोकांसाठी. हातात ट्रॅक दोनच. एक इकडे लावला, एक तिकडे. तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केलं असतं?

दुसरं, त्या रेकॉर्ड हेडफोनवर ऐकायला केलेल्या नव्हत्या. आमच्या शेजारच्या काकांकडे रेडिओग्राम होता. सागवानी पेटी, वर झाकण, पुढे जाळीचं कापड, आणि दोन्ही स्पीकर त्याच पेटीत, मधे जेमतेम तीन फूट. समोर सतरंजीवर बसलं की डावा स्पीकर उजव्या कानालाही ऐकू येतो, उजवा डाव्यालाही. शिवाय भिंतींवरून येणारा आवाज वेगळाच. एवढं टोकाचं वेगळं केलं तेव्हा कुठे "हां, गाणारा त्या बाजूला आहे" असं वाटायचं. कानाला हेडफोन लावून रस्त्याने फिरणं वॉकमननंतरचं, म्हणजे १९७९ नंतरचं. १९६३ च्या तंत्रज्ञाला त्याचा दोष देता?

नवीन मिक्स जरूर ऐका. पण जुनं पुसून टाका म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे आणि ते मी शेवटपर्यंत भांडणार.

शिरीष_डोंबिवली

माझ्या नावाने धागा काढलात, आता ऐकूनही घ्या. आमटी खारट का झाली याचं कारण कळलं म्हणून ती गोड लागत नाही. मी कर्जतहून सीएसएमटीपर्यंत रोज दीड-दोन तास हेडफोन लावून असतो. एका कानात ड्रम आणि दुसऱ्यात गाणारा, हे मला सहन होत नाही. विषय संपला.

आणि "त्या काळी असंच होतं" हे तर मुळीच खरं नाही. ॲलन ब्लमलाइन या इंग्लिश इंजिनिअरने डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. सिनेमा बघताना नट पडद्याच्या एका बाजूला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं, तिथून सुरुवात. जानेवारी १९३४ मध्ये त्याच ॲबी रोडवर बीचमच्या हाताखालच्या ऑर्केस्ट्राचं त्याने स्टिरिओ रेकॉर्डिंग केलं. म्हणजे त्याच इमारतीत तीस वर्षं आधी! मार्च १९५४ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीने शिकागोत राइनर या संचालकाचा ऑर्केस्ट्रा दोन ट्रॅकवर इतका सुंदर घेतला की आजही लोक ती रेकॉर्ड शोधत फिरतात. डेक्का कंपनीने १९५८ मध्ये व्हिएन्नात वाग्नरचं संगीतनाटक "राइनगोल्ड" घेतलं तेव्हा स्टेजवर आकडे घातलेले चौकोन आखले होते. गायकाने कुठल्या ओळीला कुठल्या चौकोनातून कुठल्या चौकोनात जायचं ते ठरलेलं. ज्यांना करायचं होतं त्यांनी केलं. पॉपवाल्यांनी पाट्या टाकल्या, एवढंच.

जुनी_तबकडी

शिरीषराव, उदाहरणं तुम्ही दिलीत आणि ती माझ्याच बाजूची आहेत. राइनर काय किंवा वाग्नर काय, ते रेकॉर्डिंग स्टिरिओसाठीच मांडलेलं होतं. ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये बसलाय, माइक त्या हॉलचं चित्र टिपतोय. पॉप गाणं तसं नसतंच. ते तुकड्यातुकड्याने रचतात आणि रेडिओवर, सिंगलवर, म्हणजे मोनोत वाजावं म्हणून रचतात. इंग्लंडमध्ये बीटल्सचं पहिलं स्टिरिओ सिंगल निघालं १९६९ मध्ये. तोपर्यंत खरं गाणं मोनोच. आंबेमोहोर घेऊन बिर्याणी का केली नाही असं विचारण्यासारखं आहे हे.

प्राची_प्र

मला तंत्रातलं फार कळत नाही, पण एक सांगते. आम्ही बहिणी कॉलेजला असताना सिंहगडने पुण्याहून मुंबईला यायचो. वॉकमन एक, इयरफोन एक. डावा बोंडा मला, उजवा ताईला. बीटल्सच्याच "रबर सोल"ची कॅसेट असायची. मी खरंच बरेच महिने समजत होते की यातल्या काही गाण्यांत शब्द फार कमी आहेत. गिटार, ड्रम, खंजिरीसारखं काहीतरी. आणि ताई खिडकीकडे तोंड करून पूर्ण गाणं गुणगुणायची. मी म्हणायचे, तुला शब्द येतात कुठून? एकदा खंडाळ्याच्या बोगद्यात बोंडे अदलाबदल झाले आणि माझ्या कानात एकदम माणसं गायला लागली. अंगावर काटा आला होता.

ते जुनं मिक्स नसतं तर ही आठवणही नसती. त्या गिटारी मला आजही सुट्या सुट्या पाठ आहेत.

आबा_सांगलीकर

प्राचीताई, तुम्ही दोन कानांचं कौतुक सांगताय. मला एकच आहे. सातव्या वर्षी गालगुंड झाले, उजवा कान कायमचा गेला. असे खूप लोक असतात, बोलत नाहीत. मला स्टिरिओ म्हणजे अर्धं गाणं. तुमच्या त्या १९६३ च्या रेकॉर्डवर मला चार पोरं वाजवतात आणि कुणीही गात नाही. दूर कुठेतरी खोलीत कुणी गातंय असं वाटतं तेवढंच.

तेव्हा दोघेही ऐका. जुनं स्टिरिओ थोर की नवं, हा भरल्या पोटाचा वाद आहे. मोनोच खरा. बीच बॉइजचा ब्रायन विल्सन उजव्या कानाने बहिरा होता. त्याने १९६६ मध्ये "पेट साउंड्स" मोनोतच केली, आणि त्या रेकॉर्डबद्दल कुणी कुरकुर केल्याचं मी ऐकलं नाही. एका कानाच्या माणसाने दोन कानवाल्यांना पुरून उरेल असं काम केलं.

शिरीष_डोंबिवली

आबा, फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओचं बटण असतं, ते चालू करा. दोन्ही बाजू एकत्र होऊन एकाच कानाला मिळतील. आणि "पेट साउंड्स"चंही स्टिरिओ मिक्स १९९७ मध्ये निघालं, तेही छान आहे.

आबा_सांगलीकर

बटण मला माहीत आहे. नातवाने दाखवलंय. पण दोन बाजू नुसत्या एकत्र ओतल्या म्हणजे मोनो मिक्स होत नाही. कुणाचं लक्ष असलेलं मिक्स वेगळं आणि बेरीज वेगळी.

ध्वनिवेडी

आबा बरोबर बोलतायत, आणि याच मुद्द्यावर मी लिहायला बसले. बारा वर्षं स्टुडिओत काम करते.

मधोमध ऐकू येणारा आवाज म्हणजे दोन्ही स्पीकरमध्ये सारखाच भरलेला आवाज. दोन्ही बाजू एकत्र केल्या की तो दुप्पट होऊन पुढे येतो आणि कडेची वाद्यं मागे पडतात. म्हणून बेरजेत गाणारा अंगावर येतो आणि तालवाद्यं पातळ होतात. गंमत अशी की गाणारा पूर्ण उजवीकडे आणि वाद्यं पूर्ण डावीकडे असतील, तर बेरीज जवळजवळ मूळ मोनोसारखीच तोलात बसते. म्हणजे ज्याला शिरीष आळस म्हणतात, ते आबांच्या एका कानाला सगळ्यात कमी त्रास देणारं मिक्स आहे. बटण दाबलं की झालं.

पण तबकडी, तुमचीही एक बाजू लंगडी आहे. सगळंच नाइलाजाने झालं असं नाही. त्यांच्या नंतरच्या "सार्जंट पेपर" या एलपीपर्यंत चार ट्रॅक होते, अनुभव होता. मोनो मिक्सला बीटल्स स्वतः बसले आणि स्टिरिओ मिक्स मागाहून थोड्या वेळात उरकलं. त्यातल्या "शी'ज लीव्हिंग होम"चा मोनोत वेग जास्त आहे, स्टिरिओत ते गाणं कमी वेगाने, खालच्या सुरात वाजतं. एवढा फरक राहून गेला म्हणजे स्टिरिओकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याला आळस म्हणा, दुर्लक्ष म्हणा. आणि बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने स्वतःच १९८७ च्या सीडीसाठी "हेल्प" आणि "रबर सोल" या दोन्हींचं स्टिरिओ परत केलं. करणाऱ्यालाच ते पटलेलं नव्हतं.

शिवाय पहिल्या एलपीतल्या दोन गाण्यांची दोन ट्रॅकची टेपच शिल्लक नव्हती, फक्त मोनो होता. तर त्याचा नकली स्टिरिओ करून रेकॉर्डवर चढवला. अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीने तर असल्या प्रकाराला ड्युओफोनिक असं नाव देऊन वर्षानुवर्षं विकलं. एका बाजूला खर्ज जास्त, दुसऱ्या बाजूला तार जास्त, आणि एक बाजू किंचित उशिरा. झाला स्टिरिओ! त्याबद्दल कुणी बोलत नाही.

मधुकर_नागपूर

बोलतो ना! चाळीस वर्षं बोलतोय. ताई, तुम्ही अमेरिकेचं सांगता, आपल्याकडे काय झालं ते विसरलात? झंकार बीट्स!

माझ्या वडिलांना मन्ना डे म्हणजे जीव की प्राण. १९९० च्या आसपास त्यांच्या साठीला मी पहिल्या पगारातून कॅसेटचा सेट घेतला. वेष्टनावर मोठ्ठं "स्टिरिओ" छापलेलं. घरी आणून लावली तर प्रत्येक गाण्याखाली एकच ढाक-चिक ढाक-चिक, आणि तो ठेका इकडून तिकडे, तिकडून इकडे पळतोय. मूळ तबला खाली गुदमरलेला. वडिलांनी अर्धं गाणं ऐकलं, कॅसेट काढली, परत डबीत घातली आणि मला म्हणाले, "छान आहे." परत कधी लावली नाही. त्या "छान आहे"चा राग अजून गेला नाही माझा.

शिरीष_डोंबिवली

मधुकरराव, झंकारला मीही शिव्या घालतो. पण आता तंत्र कुठे गेलंय बघा. नवीन सॉफ्टवेअर मोनो गाण्यातून गळा वेगळा काढतं, तबला वेगळा, व्हायोलिन वेगळी. वरून काहीच घालायचं नाही, जे आहे तेच नीट मांडायचं. मी आईसाठी पन्नासच्या दशकातलं लताबाईंचं एक गाणं असं सोडवलं. आवाज मधे, व्हायोलिन डावीकडे पसरलेली, बासरी उजवीकडे. आई ऐंशीची आहे. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "अगं बाई, मागे एवढे लोक वाजवत होते?" रडली ती. आता हे चूक आहे म्हणा.

गोंयकार_माहीम

चूक आहे. मी म्हणतो.

माझे मामा सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. सेबेस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्या काळातली ती आमची गोव्याची माणसं. रेकॉर्डवर कधी नाव नाही, दिवसाचे पैसे घ्यायचे आणि घरी. मामा सांगायचे, माइक थोडे. मग तोल कसा साधायचा? माणसं हलवून. ढोलकवाला दोन पावलं मागे. बासरी माइकजवळ. व्हायोलिनच्या पहिल्या रांगेने हात हलका ठेवायचा, मागच्या रांगेने भरून वाजवायचं. गायिका बूथमध्ये. कोणी चुकलं की सगळं पहिल्यापासून. मामा एकदा सतराव्या टेकला एक पट्टी चुकले आणि घरी येऊन जेवले नाहीत.

तो तोल हेच त्यांचं मिक्स होतं. मिनू कात्रक यांच्यासारखे रेकॉर्डिस्ट कानांनी ते ठरवायचे आणि लोक पायांनी. तुम्ही लॅपटॉपवर बसून म्हणता व्हायोलिन डावीकडे. कुणी सांगितलं ती डावीकडे होती? माझे मामा कुठे बसायचे ते तुमच्या सॉफ्टवेअरला काय माहीत?

शिरीष_डोंबिवली

तुमच्या मामांबद्दल आदर आहे. पण माझ्या आईला ते पहिल्यांदा ऐकू आले, सॉफ्टवेअरमुळे. साठ-सत्तर वर्षं रेडिओच्या खरखरीत ते कुणालाच ऐकू आले नव्हते. नाव नाही म्हणता, निदान आवाज तरी कळला! तुम्हाला ते पुन्हा गर्दीतच लपवायचे आहेत का?

गोंयकार_माहीम

लपवायचे? तोंड सांभाळून बोला. माझ्या मामांना मी लपवीन?

जुनी_तबकडी

दोघांनी जरा थांबा. धागा ॲबी रोडवरून निघाला होता, कुठे येऊन पोचला. सिनेमाच्या गाण्यांसाठी वेगळा धागा काढा.

मधुकर_नागपूर

का म्हणून? विषय तोच आहे. जे मुळात एक होतं त्याचे दोन करून विकायचा अधिकार कुणाचा, हाच विषय आहे. तुमचे बीटल्स आले म्हणजे इतिहास आणि आमची गाणी आली म्हणजे फाटे, असं का?

ध्वनिवेडी

मधुकररावांचं मला पटतं, विषय तोच आहे. पण दोन गोष्टींची गल्लत होतेय.

२०२२ मध्ये बीटल्सच्या "रिव्हॉल्व्हर"चं नवं मिक्स आलं ते असल्याच सॉफ्टवेअरने. तिथे चार ट्रॅकची टेप हातात होती. एका ट्रॅकवर ड्रम, बास आणि गिटार एकत्र अडकले होते, ते सोडवले. त्याच एलपीत अनिल भागवत यांचा तबला आहे. तो नव्या मिक्समध्ये ऐका आणि जुन्यात ऐका. बायाँचा घुमारा नव्यात जास्त मोकळा आहे, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. सिनेमाच्या गाण्याचं तसं नाही. तिथे शिजलेली खिचडी आहे आणि तुम्ही डाळ-तांदूळ निवडताय. सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. जिथे गळा आणि व्हायोलिन एकाच सुरावर येतात तिथे थोडा गळा व्हायोलिनला चिकटून जातो, थोडी व्हायोलिन गळ्याला. खोलीचा घुमारा कुणाच्या वाट्याला द्यायचा हे त्याला कळत नाही. झांज पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी येते. शिरीष, तुम्ही केलेलं गाणं हेडफोनवर नुसतं डावीकडचं ऐका. व्हायोलिनच्या मागे लताबाईंचं भूत ऐकू येईल.

शिरीष_डोंबिवली

ऐकलं. आहे. अंतऱ्याच्या शेवटी "स" लांबतो तिथे स्पष्ट आहे. आता ते मला सारखं ऐकू येणार, याबद्दल तुमचे आभार मानू की नको कळत नाही.

तरी आईचं रडणं खोटं होत नाही.

गोंयकार_माहीम

नाही होत. आईंना माझा नमस्कार सांगा. माझ्या आईनेही ऐकलं असतं तर रडली असती, भाऊच होता तिचा. पण फाइलच्या नावात लिहा की हे तुम्ही घरी केलंय, मूळ असं नाही. उद्या तुमच्याकडून दुसऱ्याकडे जाईल, तिसरा चढवेल, आणि दहा वर्षांनी कोणी पोर म्हणेल, बघा, १९५५ मध्ये आपल्याकडे स्टिरिओ होता.

शिरीष_डोंबिवली

लिहितो. एवढं मान्य.

आबा_सांगलीकर

एवढं सगळं झाल्यावर माझं एकच. ताईंनी सांगितलं तसं बटण दाबून ती १९६३ ची रेकॉर्ड परत ऐकली. तोल खरंच जमतो. नव्या रिमिक्सवर तेच बटण दाबलं तर गाणारा फार पुढे येतो, ड्रम खोलीबाहेर. मी ज्याला चाळीस वर्षं शिव्या दिल्या तेच मला चाललं. तबकडीवाल्यांना हे सांगायला जिवावर येतंय, पण सांगितलं.

जुनी_तबकडी

आबा, यासाठीच मी रात्री जागलो होतो.

मीही एक कबूल करतो. "सार्जंट पेपर"च्या जुन्या स्टिरिओची बाजू मी यापुढे घेणार नाही. गेल्या आठवड्यात मोनो आणि ते शेजारी शेजारी लावलं, ध्वनिवेडी म्हणतात ते खरं आहे, तिथे घाई दिसते. पण म्हणून ते पुसायचं नाही. माझ्या फोनवर एका सकाळी जुन्या मिक्सच्या जागी नवं येऊन बसलं होतं. तेच चित्र, तेच नाव, आत दुसराच आवाज. कुणी विचारलं नाही, कुठे लिहिलं नाही. माझा राग त्या गपचूप बदलण्यावर आहे. दोन्ही ठेवा आणि कुठलं कुठलं आहे ते लिहा. गोंयकार फाइलच्या नावाबद्दल बोलले, तेच कंपन्यांनाही लागू.

शिरीष_डोंबिवली

बाजारातून काढा असं लिहिलं होतं ते मागे घेतो. आळस हा शब्द निम्मा मागे घेतो. पहिल्या एलपीपुरता. काल मुद्दाम हेडफोन काढून भावाच्या स्पीकरवर लावली, स्पीकर जवळ जवळ आणून, तुमच्या रेडिओग्रामसारखे. ठीक वाटलं. ठीकच, जास्त काही नाही. लोकलमध्ये मात्र मी नवीनच ऐकणार.

प्राची_प्र

हा धागा ताईला वाचून दाखवला. ती आता न्यू जर्सीला असते, फोनवरून वाचला. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे त्या गाण्यांत गिटारी होत्या?" तिने उजवा बोंडा कधी सोडलाच नव्हता. आता रविवारी दोघींनी एकाच वेळी डावी बाजू लावायची ठरवलंय.